माझ्या एक्केचाळीस चुका

माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात शुद्धिपत्र नसतं, हे मी पूर्वी कुणी विचारलं नसलं तरी सांगत असे. लातुरातले दोन-तीन प्रेसवाले मला त्यावरून चिडवायचे. मी चिडायची नाही, कारण ते खरं होतं. मग एक पुस्तक असं निघालं की त्यात पहिल्याच पानाला चिकटवलेलं शुद्धिपत्र आहे, त्यात एक्केचाळीस चुका आहेत आणि मागच्या पानावर ‘मुद्रितशोधन’ या शब्दापुढे माझं नाव ठळक छापलेलं आहे. घरी कुणी शिकलेलं माणूस आलं की मी तेच पुस्तक आधी काढून दाखवते. बाकीची निर्दोष पुस्तकं कपाटात आहेत, ती कुणी मागितली तर दाखवते.

मी नांदेडची. माझे अब्बा बाइंडर होते. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांची जाड पुस्तकं, मदरशातल्या किताबा, पोथ्या, सगळं त्यांच्या एकाच पाटावर शिवलं जायचं. घरात आम्ही दखनी बोलायचो, गल्लीत मराठी, आणि शाळा माझी मराठीच. मला लहानपणापासून एक वाक्य ऐकावं लागलं, ‘अगं, तू मराठी किती छान बोलतेस!’ बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं, पण माझ्या डोक्यात तिडीक जायची. शेजारच्या बाकावरची मुलगी माझ्याइतकंच बोलायची, तिला कुणी असं म्हणत नव्हतं. मग मी ठरवलं की यांच्यापेक्षा शुद्ध लिहायचं. शुद्धलेखनाचे नियम मी पाढ्यांसारखे घोकले. ‘लई’चं ‘खूप’ केलं, ‘हाव’चं ‘हो’ केलं, ‘कामून’चं ‘का’ केलं. मॅट्रिकला जाईपर्यंत माझ्या वहीत नांदेडचा एक शब्द उरला नव्हता, आणि याचा मला फार अभिमान वाटायचा.

लग्न होऊन लातुरात आले आणि थोड्याच दिवसांत भूकंप झाला. आमचं घर उभं राहिलं. दक्षिणेकडची गावं राहिली नाहीत. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं. पुढे गावाचा रंग बदलला. जिकडे तिकडे क्लास निघाले, चार खोल्यांच्या घरावर तीन मजले चढले, आणि प्रत्येक मजल्यावर मुखेड, जळकोट, हिमायतनगर, कुठून कुठून आलेली पोरं कॉट टाकून डॉक्टर व्हायला बसली. या पोरांना नोट्स लागायच्या. मी पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडून बसले होते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, दिवसभर टाइप करायचं आणि तपासायचं. बेडकाची पचनसंस्था मला आजही तोंडपाठ आहे.

बायोलॉजीचे एक सर माझ्याकडे नेमाने यायचे. वर्गात ते अगदी छापील बोलायचे आणि माझ्या खोलीत आले की गावाकडचं. मला ते भाभी म्हणायचे. त्यांचं गाव पडलेल्या गावांपैकी. ते स्वतः तेव्हा शिकायला लातुरात होते आणि थोरली बहीण लग्न होऊन जळकोटला गेलेली होती, म्हणून ही दोघं वाचली. आई घरात होती. हे मला दुसऱ्यांकडून कळलेलं. सर स्वतः फक्त ‘आमचं जुनं गाव’ एवढं म्हणायचे आणि पुढे पेशीविभाजनावर यायचे.

एका दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर एक जाड पिशवी ठेवली. आत उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेला गठ्ठा होता.

“भाभी, हे नोट्स न्हाईत,” ते म्हणाले. “कादंबरी हाय. हसू नका.”

मी हसले नाही, पण मनात म्हटलं, झालं, आता भूकंपावरचे सव्वादोनशे पानांचे उमाळे तपासायला लागणार. पहिलं पान वाचलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

कादंबरी अशी होती. गावाकडच्या जुन्या माळवदाच्या घरांना दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती असायच्या. भिंतीला तिकडे भित म्हणतात. सरांनी असं कल्पिलं होतं की त्या जाडीत कुणी तरी राहतं. भूत नाही, देव नाही. त्यांनी त्याला नाव दिलं होतं भितकरी, गावकरी म्हणतो तसं. हे नाव भीतीवरून आलं असेल असं वाटून मी ‘भि’ दीर्घ करायला पेन उचललंही होतं. भितकरी घरातल्यांचं बोलणं ऐकून बोलायला शिकतो आणि जन्मभर तेच बोलतो. घरं पडली. नवी गावं वसली, त्यांच्या भिंती नऊ इंचाच्या. तिथं भितकऱ्यानं राहायचं कसं? तेव्हा भितकरी माणसांमागोमाग लातुरात आले आणि माणसांचे चेहरे घेऊन भाड्याच्या खोल्यांत राहू लागले.

अशा एका खोलीत ही कादंबरी घडते. घरमालकाच्या वहीत त्या खोलीत चार पोरं आहेत. पण डबे पाच जातात, कॉट पाच आहेत, क्लासमध्ये पाच जण हजेरी देतात, आणि पाचही जण आईची शपथ घेऊन सांगतात की आम्ही पहिल्या दिवसापासून पाचच आहोत. शिवाय खोली लहान होत चालली आहे. भितकरी जिथं राहतो तिथली भिंत महिन्याला बोटभर जाड होते, हा त्याचा स्वभाव. परीक्षेच्या आधी पाचवा कोण ते सापडलं नाही, तर त्या खोलीत पोरांना श्वास घ्यायलाही जागा उरणार नाही.

आणि हे शोधून काढणार कोण, तर डबे पुरवणारी मावशी. तिला कुणी हेर म्हणत नाही. ती परत आलेले डबे बघते. कुणी भाजी उष्टी टाकली, कुणाचं वरण न हलवता आलं, कुणी पोळीचा काठ सोडला, यावरून तिला त्या पोराचं सगळं कळतं. कोण रडला, कोण नापास झाला, कोण पिक्चरला गेला. मला ही बाई पहिल्या पानापासून आवडली. नवऱ्याला जेवायला वाढतानासुद्धा मी तिचंच बोलत होते.

कादंबरीत दोष होते, ते मी लपवणार नाही. मावशी मधेच थांबून लाळेतल्या रसायनांवर दोन पानं बोलते, ते अर्थातच सर बोलतात. पाण्याच्या टाकीवरची मारामारी वाचताना कोण वर आणि कोण खाली हे मला तीनदा वाचूनही कळलं नाही. घरमालकाच्या मुलीचं प्रेम तर उगीच आहे. कुणीतरी सरांना सांगितलं असावं की कादंबरीत प्रेम लागतं. पण रहस्य म्हणजे काय हे या माणसाला कळलं होतं. वाचकाला सगळं आधीच द्यायचं, त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, आणि तरी त्यानं त्यावरून पुढं जावं. हे फार थोड्यांना जमतं.

ते त्यांनी कसं जमवलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

पाच पोरांपैकी दोघं पडलेल्या गावांतली. मावशी डबा देताना सगळ्यांना घरचं विचारते. त्या दोघांतला एक आईबद्दल म्हणतो, ‘आय भाकरी करत होती.’ दुसरा म्हणतो, ‘आय भाकरी करून राहिली.’ आता लातुरात ‘करायलीय’ म्हणतात. ‘करून राहिली’ हे नांदेडकडचं, हिमायतनगरच्या बाजूचं. म्हणजे ती आत्ता, या क्षणी करते आहे. मी तपासायला बसले तर विसाव्या पानावर लिहिलेलं की या पोराचं घर पडलं, घरात कुणी वाचलं नाही. आणि सत्तेचाळिसाव्या पानावर त्याची आई भाकरी करून राहिली! मी लेखकाची कीव करत लाल पेनानं फुली मारली. काळाची चूक, वर गावंढळ रूप. ‘करत होती’ केलं. पुढे ‘सारवून राहिली’ आलं, ‘सारवत होती’ केलं. ‘हाक मारून राहिली’, ‘हाक मारत होती’. असं अकरा ठिकाणी. प्रत्येक फुलीसरशी मला बरं वाटत होतं. नांदेडच्या बाइंडरची पोरगी एका प्राध्यापकाचा काळ सुधारून देत होती.

दुसरं प्रूफ मी सरांकडे पाठवलं. परीक्षेचे दिवस होते, ते दिवसाला सहा बॅचेस घेत होते. चौथ्या दिवशी गठ्ठा तसाच परत आला, वर चिठ्ठी, ‘तुम्ही बघितलं म्हणजे बघितलं.’ मी ती चिठ्ठी नवऱ्याला वाचून दाखवली.

छपाई लातुरात झाली. बांधणी मात्र अब्बांकडेच, हा माझा हट्ट. छापलेल्या पानांचे सुटे फर्मे नांदेडला गेले आणि बघायला म्हणून दहा प्रती आधी आल्या. सर दुपारी आले. पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पाठीवरून बोट फिरवलं. मग मधलं एक पान उघडून वाचायला लागले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते त्याच पानावर होते. त्यांनी पुस्तक मिटलं.

“लई भारी झालं, भाभी,” ते म्हणाले. चहा न घेताच गेले.

डबा न उघडता परत आला तर मावशीला जे कळतं ते मला त्या कपावरून कळलं. मी त्यांची उत्तरपत्रिकांची पिशवी काढली आणि पुस्तकाशेजारी ठेवून ओळीनं वाचायला बसले. शेवटच्या प्रकरणात मावशी पाचवा कोण ते सांगते. तिचं म्हणणं असं की ज्याचं घर पडलं तो माणूस असेल तर ‘करत होती’ म्हणेल, कारण माणसाला माहीत असतं की ते संपलं. भितकऱ्याचं घर त्याच्या आत उभंच असतं. त्याच्या लेखी आय अजून चुलीपुढं आहे. ‘म्हणून ह्यो म्हणतो, करून राहिली,’ मावशी म्हणते. हे वाक्य मी तपासताना वाचलं होतं, पण माझ्या लेखी मागच्या अकरा जागा चुका होत्या आणि त्या निकालात निघाल्या होत्या. तेव्हा मला वाटलं, छान आहे, जरा काव्यात्म आहे. वाचक हे वाचून मागे जाऊन बघणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो मागे गेला की त्याला काय दिसणार? दोघंही पोरं ‘करत होती’च म्हणतात. पुस्तक वाचकाशी खोटं बोलत होतं, आणि ते खोटं मी लिहिलं होतं.

कुठलीही कादंबरी चुकीच्या एका शब्दानं मरत नाही. ही मेली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या क्लासवर गेले. दोन बॅचच्या मधल्या वेळात ते फळा पुसत होते. मी सरळ सांगितलं की अकरा जागी मी चूक केली, आणि विचारलं की तुम्ही मला बोलला का नाहीत.

“व्याकरणानं तुमचं बरोबर हाय,” ते म्हणाले. “मीच लिहिताना डोकं चालवलं न्हाई.”

“मला शिकवू नका,” मी म्हटलं. “तुम्ही मुद्दाम लिहिलं होतं.”

त्यांनी डस्टर खाली ठेवलं आणि सांगितलं. त्यांची आई हिमायतनगरकडून सून होऊन आली होती. त्यांच्या अख्ख्या गावात ‘करून राहिली’ म्हणणारं ते एकच माणूस. गावातल्या बायका तिची नक्कल करायच्या. शेजारीण दारातून विचारायची, काय करायलीस गं? आणि ही आतून म्हणायची, भाकरी करून राहिले. सर म्हणाले, “तिचा फोटो न्हाई आमच्याकडं. घरात व्हता तो घराबरुबर गेला. म्हटलं, बोलणं तरी ठिवावं कुठं.” मग त्यांनी घड्याळ पाहिलं, कारण पोरं दारात जमली होती.

मी शाळेपासून जे जे खोडत आले, ते या माणसानं आईच्या फोटोच्या जागी ठेवलं होतं आणि मी तिथंही फुली मारली होती. मला माझी लाज वाटली. घरी येईपर्यंत लाजेचा राग झाला आणि तो बरा, रागात मला काम सुचतं.

अब्बांना मी विचारलं. अकरा पानं प्रत्येक प्रतीतून कापून नवी लावायची तर ते लावतील, पण मग ती गोधडी होईल, पुस्तक नाही, असं ते म्हणाले. उरलं शुद्धिपत्र. मी एक कागद घेतला आणि लिहायला लागले. पान सत्तेचाळीस, ओळ नऊ, ‘करत होती’ ऐवजी ‘करून राहिली’ असे वाचावे. पान बावन्न. पान साठ. अकरा ओळी झाल्या आणि माझा हात थांबला. अकराच्या अकरा जागी बोलणारा पोरगा एकच! वाचक शुद्धिपत्र वाचणार, त्या पानांवर जाणार आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधीच त्याला गुन्हेगार हातात मिळणार. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर मी रहस्य छापून चिकटवणार होते. सरांना सांगितलं तर ते इतके हसले की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून पाहिलं.

“ऱ्हाऊ द्या भाभी,” ते डोळे पुसत म्हणाले. “नशिबात न्हाई.”

“नशीब गेलं खड्ड्यात,” मी म्हटलं. “चुका वाढवा.”

मी समजावलं. अकरा चुकांतून चोर सापडतो, पण चाळीस चुकांतून नाही. पाचही पोरांच्या, घरमालकाच्या, मावशीच्या बोलण्यात चुका दाखवायच्या. न झालेल्या चुका. तीस खोट्या, अकरा खऱ्या.

“पण आत तुमचं नाव हाय,” ते म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या गावात माझ्याकडे दुसरं काय होतं? लातुरातला प्रत्येक प्रेसवाला माझ्याकडे कागद पाठवायचा तो एवढ्याच विश्वासावर की बाई चूक सोडत नाही. एक्केचाळीस चुकांचा कागद म्हणजे माझ्या कामाचा जाहीर पंचनामा होता. मी म्हटलं, लोकांचं मी बघते, तुम्ही पेन घ्या.

नंतरच्या तीन दुपारी आम्ही चुका करायला बसलो. इतकं मन लावून मी कधी काही बरोबर केलं नव्हतं. खोटी चूक खऱ्यासारखी दिसली पाहिजे, आणि वाचकानं ती दुरुस्त करून वाचली तर वाक्य बिघडता कामा नये. मुखेडच्या पोराच्या तोंडच्या ‘बटाटा’चं ‘आलू’ केलं. घरमालकाच्या ‘खूप’चं ‘लई’ केलं. सर लबाड, या निमित्तानं त्यांनी आपली चार कच्ची वाक्यंही सुधारून घेतली. मी पकडलं तर म्हणाले, शुद्धिपत्रच हाय की. आणि मग मला ते सुचलं, ज्याचा मला आजही सगळ्यात जास्त अभिमान आहे. मी म्हटलं, बाकीच्या पोरांनाही ‘करून राहिलो’ द्या. नांदेडकडची दोन पोरं आहेतच त्यांच्यात, ती तसंच बोलणार. ‘अभ्यास करून राहिलो’, ‘बाप शेतात नांगरून राहिला’, जे खरोखर चालू आहे त्यासाठी. म्हणजे वाचकाला वाटेल, ही या पोरांची बोली. तो त्यावरून पुढं जाईल. तेच रूप पडलेल्या घरासाठी कोण वापरतो, हे ज्याचे कान उघडे असतील त्यालाच ऐकू येईल.

सरांच्या मूळ लिखाणात ‘राहिली’ म्हणणारा एकटा तोच पोरगा होता आणि खरं सांगायचं तर हुशार वाचकानं त्याला शंभराव्या पानावर पकडलं असतं. आता तसं होणार नव्हतं. माझ्या चुकीनं त्यांची कादंबरी सुधारली होती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

छापलेली शुद्धिपत्रं घेऊन मी स्वतः नांदेडला गेले. अब्बांनी चष्मा वर करून कागद वाचला. त्यांना मराठी सावकाश वाचता यायचं, पण यायचं.

“इत्ते गलत्यां?” ते म्हणाले. “तेरे से?”

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद परत एकदा वाचला, या वेळी बोट ठेवून, आणि मग खळ कालवायला घेतली. प्रत्येक प्रतीत तो कागद त्यांनी स्वतः लावला, डाव्या कडेला बोटभर खळ, वरची खालची कड पानाशी बरोबर जुळवून. कारागिराला लावू दिला नाही. संध्याकाळी भेटायला आलेल्या आपल्या जुन्या दोस्ताला ते सांगत होते की यातल्या तीस गलत्या झूठ आहेत आणि माझ्या बेटीनं बनवल्या आहेत.

पुस्तक आलं. एका प्रेसवाल्यानं ते उघडून शुद्धिपत्र मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, भाभी, चष्म्याचा नंबर वाढला काय? मी म्हटलं, वाढला असेल. एका छापखान्याचं काम माझ्याकडून गेलं, ते परत यायला वर्ष लागलं. त्या वर्षात दोनदा तरी मला सगळ्यांना खरं सांगून टाकावंसं वाटलं, पण सांगितलं असतं तर कादंबरी पुन्हा उघडी पडली असती. मी जीभ आवरली. माझी जीभ आवरणं किती अवघड आहे हे माझ्या घरच्यांना विचारा.

पण पुस्तक चाललं, आणि कसं! क्लासच्या पोरांना उत्तरतालिकेची सवय. त्यांनी शुद्धिपत्र पुढे ठेवून पेन्सिलीनं पुस्तकात दुरुस्त्या करून घेतल्या, जसं सराव परीक्षेनंतर करतात, आणि मग वाचलं. एके दिवशी दोन मुली माझ्या खोलीत नोट्स न्यायला आल्या आणि दारातच भांडायला लागल्या. एक म्हणे पाचवा तो मुखेडचा, कारण तो डबा घासून देतो. दुसरी म्हणे, अगं नीट ऐक, तो काय म्हणतो ते ऐक, घर पडलंय ना त्याचं? मी प्रिंटरकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं. नांदेडकडून एका मास्तरांचं सरांना पत्र आलं की आमचं बोलणं पुस्तकात असं बिनदिक्कत पहिल्यांदा पाहिलं. ते पत्र सरांनी मला आणून दिलं, कारण ते माझ्यामुळे आहे म्हणाले. ते माझ्याकडेच आहे.

सरांचा जीव मात्र एकाच वाचकात अडकला होता. जळकोटची अक्का, त्यांची थोरली बहीण. त्या शाळेत दोन-तीन वर्षं गेलेल्या, आणि आता डोळ्यांनी बारीक अक्षर दिसत नव्हतं. आईचं बोलणं ओळखणारं जगात आता तेवढं एकच माणूस होतं. अक्काला ते ओळखू आलं नाही तर एवढं लिहून उपयोग काय, असं सर म्हणायचे. पण स्वतः वाचून दाखवायची त्यांना हिंमत होत नव्हती. आवाज फुटणार न्हाई, म्हणाले. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जळकोटला गेले.

अक्कांच्या ओसरीवर दोन दिवस सकाळ-दुपार वाचन चाललं. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत ऐकायच्या. मावशी त्यांना लगेच पटली. मावशीच्या भाजीत मीठ किती, यावर त्यांनी मतही दिलं. लाळेच्या रसायनांची दोन पानं मी गुपचूप गाळली. सत्तेचाळिसावं पान आलं तेव्हा सर उठून उगीच दारात जाऊन उभे राहिले. मी शुद्धिपत्राप्रमाणे स्वच्छ वाचलं, ‘आय भाकरी करून राहिली.’ अक्कांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. काहीच नाही. बावन्नावं पान, साठावं, काहीच नाही. त्यांचा संशय घरमालकावर होता आणि शेवटपर्यंत घरमालकावरच राहिला. सरांचा चेहरा उतरत चालला. मी प्रत्येक ‘राहिली’वर जरा जास्त जोर देऊन वाचायला लागले, जे वाचणाऱ्यानं कधी करू नये.

शेवटचं प्रकरण आलं. मावशी पाच डबे ओळीनं मांडते आणि त्या पोरासमोर बसते. तू माणूस न्हाईस रं, ती म्हणते. तुझं घर पडलंय, आय गेलीय, आणि तू म्हणतोस, आय भाकरी करून राहिली. माणूस असं म्हणत न्हाई.

अक्कांचा हात थांबला.

“थांबा भाभी,” त्या म्हणाल्या. “यात काय धरलं त्या बाईनं? ते तर खरंच हाय की.”

“काय खरं, अक्का?” मी विचारलं.

“आय भाकरी करून राहिली. मला रोज दिसतीय. चुलीपुढं बसल्याली, एक पाय लांब करून.” त्यांनी सूप बाजूला सारलं आणि जरा विचार केला. “मंग मी बी भितकरीच की.”

दारातून सर वळले. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच ओसरीवर येऊन बसले, बहिणीच्या शेजारी, अगदी लागून.

“हाव अक्का,” ते म्हणाले. “आपून दोघं बी.”

अक्का हसल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पदरानं पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वाचा की म्होरं. थांबल्या कामून?”